नेरूळला उतरा, नेरूल ऐका

नवी मुंबईत पाहुणे आले की आपण त्यांना काय काय दाखवतो, ते तुम्हांला सांगायला नको. पाम बीचचा रुंद रस्ता, वाशीची मोठमोठी दुकानं, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीत चरणारे गुलाबी रोहित पक्षी, आणि आता विमानतळसुद्धा! पाहुणे खूश होतात. ‘किती आखीव हो तुमचं गाव!’ म्हणतात. आणि आपण, जणू आपणच पट्टी-पेन्सिल घेऊन ते आखलं होतं, अशा थाटात हसतो. मीही कितीतरी वर्षं अशीच हसत आले.

पण मैत्रिणींनो, या आखीव गावाच्या पोटात जुनी गावं आहेत, हे आपल्याला ठाऊक असूनही लक्षात नसतं. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या शिवारात हे शहर वसलं. सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे, जुहूगाव, घणसोली, गोठिवली, दिवाळे ही काही सेक्टरांची टोपणनावं नव्हेत. ती आधीची आहेत, सेक्टर नंतर आले. आज मी तुम्हांला तिथं घेऊन जाणार आहे. डबा नको, पाण्याची बाटली नको, मासळीची पिशवी मात्र घ्या. आणि जाता जाता थोडं व्याकरण शिकू. घाबरू नका, परीक्षा नाही.

हार्बरच्या गाडीनं नेरूळला उतरलात की फलाटावरची पाटी बघा. मराठीत ‘नेरूळ’ लिहिलंय. इंग्रजीत ळ ला अक्षरच नाही, म्हणून तिथं ल आला. तो वाचून कुणी परप्रांतीय ‘नेरूल’ म्हणाला की आपल्याला हसू येतं. आता पश्चिमेच्या बाजूनं बाहेर पडा, रिक्षावाल्याला सारसोळे गाव सांगा. रुंद रस्ते संपतात, गल्ल्या अंग चोरून घेतात, खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली घरं दिसू लागतात आणि वाऱ्यावर सुक्या बोंबलाचा वास येतो. तिथल्या एखाद्या आजीला विचारा, ‘आजी, हे कोणतं गाव?’ ती म्हणेल, ‘सारसोला.’ आणि पलीकडचं? ‘नेरूल.’ तिनं ते इंग्रजी पाटीवरून उचललेलं नाही. तिची आजीही तसंच म्हणत होती, तेव्हा इथं स्टेशनही नव्हतं आणि पाटीही नव्हती.

ही आगरी बोली. शेजारच्या कोळीवाड्यांतली कोळी बोली तिची सख्खी बहीणच. आगर म्हणजे मिठागर. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, बांधून ठेवायचं, उन्हात आटवायचं आणि मिठाचे ढीग ओढायचे. खाऱ्या जमिनीला बांध घालून भात पिकवायचा, आणि रात्रीच्या ओहोटीला चिंबोऱ्या धरायच्या. अशी तिन्ही कामं करणाऱ्या माणसांची ही भाषा. ठाणे, रायगड, मुंबई या साऱ्या पट्ट्यात ती बोलतात, आणि दर दहा-बारा गावांवर ती थोडी थोडी बदलते. पेणची आगरी आणि भिवंडीची आगरी एकाच घरातल्या दोन जावा म्हणा ना. ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या भाषांची प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात आगरीची दखल आहे. म्हणजे साहेबानं ऐकून घेतलं, आपण मात्र दारात उभं राहून हसलो.

हसलो म्हणजे काय, मी तर सुधारायलाही गेले होते. ते सांगूनच टाकते.

आमच्याकडे खाडीकाठच्या गावातून एक मासळीवाली मावशी येते. शाळेला सुट्टी असली की नातीला बरोबर आणायची. पोर सात-आठ वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकदा दुपारच्या उन्हात आली आणि म्हणाली, ‘काकी, पानी दे ना.’ मी पाणी आणलं आणि चांगलं गोड आवाजात म्हटलं, ‘पाणी म्हणावं बाळ. आणि मोठ्यांना ‘द्या’ म्हणायचं. शाळेत जातेस ना?’ पोरीनं भांडं रिकामं केलं, खाली ठेवलं, काही बोलली नाही. पुढच्या खेपेला आली तेव्हा गप्प. त्याच्या पुढच्या खेपेलाही गप्पच. तहान लागली की आजीच्या पदराला ओढायची आणि आजी म्हणायची, ‘पोरीला पानी दे.’ मला वाटलं, मोठी झाली, शहाणी झाली. आपण शिकवलं ते लागू पडलं म्हणून मनात थोडी खूशही झाले, खोटं कशाला बोलू?

आता जरा लांबची गोष्ट. मागल्या वर्षी माझी भाची आमच्याकडे राहायला होती. तिला पुढच्या शिक्षणासाठी आइसलँडला जायचं होतं. युरोपच्याही वर, बर्फात आणि ज्वालामुखीत वसलेलं ते बेट. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी तिथल्या भाषेचे पहिले धडे गिरवायची. मी कणीक मळता मळता ऐकायची. त्या भाषेत जीभ दातांत धरून म्हणायच्या थ ला एक वेगळं अक्षर आणि तसाच म्हणायच्या द ला दुसरं. जोर नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. नामांना आपल्यासारखीच तीन लिंगं. विभक्ती चारच, पण प्रत्येकीत नाम आपलं शेपूट बदलतं, आणि बरोबरचं विशेषणही. मुलीला म्हणायचं ‘दोत्तिर’, मात्र त्या जोड-त च्या आधी ह चा एक निःश्वास सोडायचा. संस्कृतातली दुहिता ती हीच! तिथं आडनावं नसतातच म्हटलं तरी चालेल. वडिलांच्या नावापुढे मुलाला ‘सोन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ लावायचं, आणि लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही. कॉम्प्युटरला त्यांनी बाहेरचा शब्द घेतला नाही. ‘आकडा’ आणि ‘भविष्य सांगणारी बाई’ हे दोन जुने शब्द जोडून नवा केला. मला तर ती भाषा आवडूनच गेली.

आणि ही बोलणारी माणसं किती? साऱ्या देशाची वस्ती सुमारे चार लाख. आपल्या नवी मुंबईत त्याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात! तरी त्यांची शाळा, विद्यापीठ, वर्तमानपत्रं सगळं त्याच भाषेत. भाची एखादा उच्चार दहा-दहा वेळा घोकायची. चुकली तर स्वतःला हसायची. भाषेला कधी हसली नाही.

एका सकाळी ती असंच घोकत असताना खालून हाक आली, ‘मांदेली हाय, ताजी!’ भाची वही मिटून गॅलरीत गेली आणि परत येऊन मला विचारू लागली, ‘मावशी, त्या ‘म्हावरं’ न म्हणता ‘म्हावरा’ का म्हणतात? सगळ्याच नपुंसकलिंगी शब्दांचं असं होतं का?’ मी म्हटलं, ‘अगं, अशुद्ध बोलतात त्या.’ भाची म्हणाली, ‘पण दर वेळी अगदी एकसारखं कसं बोलतात मग? चूक अशी नेमानं होत नाही.’

कणकेचा हात तसाच राहिला माझा. खरंच की! चूक वेंधळी असते. आज एक, उद्या दुसरी. नेमानं होतो तो नियम.

मग मात्र मी कान उघडे ठेवून सारसोळ्याला, कराव्याला, दिवाळ्याला जाऊ लागले. दिवाळ्याचा मासळी बाजार बेलापूर स्टेशनाहून जवळ आहे, मासळी घेण्याच्या निमित्तानं तास-तास रेंगाळता येतं. तिथं जे गोळा केलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिला धडा तुम्हांला येतोच. ण चा न आणि ळ चा ल. पाणी ते पानी, कोण ते कोन, हळद ती हलद, नारळ तो नारल, आणि कोळी तो कोली. यात हसण्यासारखं काय आहे? हिंदी सिनेमातला नायक ‘पानी’ म्हणतो तेव्हा आपण रुमाल काढून रडतो. तो अशुद्ध आहे असं कुणाला वाटत नाही.

दुसरा धडा जरा अवघड, पण भारी गमतीचा. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी ड आला की त्याचा र होतो. गाडी ती गारी, घोडा तो घोरा, झाड ते झार, लुगडं ते लुगरा, खाडी ती खारी, होडी ती होरी. सानपाडा म्हणजे सानपारा. पण शब्दाच्या सुरुवातीचा ड जागचा हलत नाही. डोळ्याचा ‘डोला’ होतो, ‘रोला’ होत नाही. डोंगर डोंगरच राहतो. मग ताडगोळ्याचं काय होईल, सांगा बघू? तारगोला! दोन्ही नियम एकाच फळात. एवढ्याचं एवरा आणि केवढ्याचं कवरा होतं, तेही याच वाटेनं. हा कवरा नीट लक्षात ठेवा, बाजारात लागणार आहे.

भाचीनं विचारलं होतं तो तिसरा. आपल्या ज्या नामांच्या शेवटी डोक्यावर टिंब असतं, त्यांना तिथं आ लागतो. म्हावरं ताजं नसतं, म्हावरा ताजा असतो. केळ्याचा केला, सोन्याचा सोना. मडकं तर दोन नियम अंगावर घेऊन ‘मरका’ होतं. ऐकताना आधी दचकायला होतं.

घरात, गावात, बाजारात म्हणताना आपण त लावतो, त्या न लावतात. घरान, गावान, बाजारान. आणि आपल्या ‘माझ्या’, ‘आमच्या’चं ‘माझे’, ‘आमचे’ होतं. ‘आमचे गावान’ म्हणजे आमच्या गावात. विळ्याला इला, विचाराला इचार, विसाला इस, म्हणजे सुरुवातीच्या वि मधला व गळतो. आला होता चं आल्ता, गेला होता चं गेल्ता. घाईच्या माणसांची भाषा, ओहोटी कुणासाठी थांबत नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका शब्द ‘मना’. मला भूक लागली, तर ‘मना भूक लागली’. आता गंमत बघा. ळ चा ल झाल्यावर आपल्या भाजीच्या मळ्याचं काय होणार? ‘मला’! पण घोटाळा होत नाही, कारण स्वतःसाठी त्यांनी मना ठेवलाय. जणू कुणी शहाण्या सासूनं दोन सुनांच्या साड्या एकसारख्या दिसू नयेत म्हणून आधीच बेत करून ठेवावा!

नात्यांच्या शब्दांत तर जीव अडकतो. आईस, बापूस, दादूस. नात्याच्या मागे तो स लागला की शब्दाला अंगणात बसल्यासारखं ऐसपैसपण येतं. बाईला हाक मारताना ‘गो’, बाप्याला ‘रं’. आणि मोठ्या बायांना सर्रास ‘तू’. आईला आपण ‘तू’ म्हणतोच ना? तिथं काकीला, आत्यालाही म्हणतात, जवळची मानली की ‘तू’. आता तुम्हांला कळलं असेल, त्या पोरीनं मला ‘दे ना’ म्हटलं त्याचा अर्थ काय होता. मी तिला ‘द्या’ शिकवून परकी झाले.

आता व्याकरण बाजूला ठेवू. गावात फिरताना एक शब्द मला मिळाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. नुसती गाणारी नव्हे, जुन्या रीतीत लग्नाचे विधी तिच्या गाण्यावरच चालत. मांडवापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं तिला पाठ. पोथी नाही, पाटी नाही, आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे. बाई पौरोहित्य करते याचं आपल्याला आज केवढं अप्रूप वाटतं, आणि इथं ते कधीचं चालत आलेलं!

धवला म्हणजे आपला धवळा, त्यांच्या नियमानं ळ चा ल झालेला. आणि धवळे म्हटलं की आठवते तेराव्या शतकातली महदंबा, चक्रधरस्वामींची शिष्या, मराठीची पहिली कवयित्री. तिनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. ते आपण मराठीच्या इतिहासात मोठ्या अभिमानानं शिकवतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात ठरली तेव्हा तर महदंबेचं नाव पुन्हा ओठांवर आलं. आणि त्याच नावाचं गाणं नेरूळच्या मांडवात म्हणणाऱ्या म्हातारीची भाषा मात्र आपल्याला गावंढळ वाटते. आता हळदीला मोठे कर्णे लागतात, त्यावर आगरी गाणी जोरात वाजतात, त्या तालावर आपलीही मुलं नाचतात. धवलारणीचा आवाज त्या कर्ण्यांच्या वर चढत नाही. मला एका आजीनं सांगितलं, तिच्याकडून शिकायला सुना तयार आहेत, पण शब्दच त्यांना उमजत नाहीत. त्या शाळेतलं मराठी बोलतात. शब्द समजावून सांगायचे तर अर्धं गाणं राहून जातं.

जमिनीचं मी थोडक्यात सांगते, ती कथा तुम्ही नवऱ्यांच्या, दिरांच्या तोंडून ऐकली असेल. शहरासाठी शेतं गेली, मोबदला तुटपुंजा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणच्या बाजूला शेतकरी रस्त्यावर उतरले, दि. बा. पाटील त्यांचे पुढारी. गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मिळाला. आपल्या कित्येकींच्या सोसायट्या त्याच भूखंडांवर उभ्या आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला ज्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यासाठी दहा गावं उठून दुसरीकडे वसली. माणसांना घरं मिळाली. पण शेताच्या बांधाला खाडीचं पाणी फोडून आत शिरतं, त्याला ‘खांड’ म्हणतात. ज्या पोरानं बांध पाहिला नाही, त्याला खांड कुठं भेटणार? भूखंड बदलून देता येतो, शब्द कसा देणार?

मासळीवाल्या मावशीला मी एकदा विचारलंच, नात हल्ली गप्प का असते? ती टोपलीवरचं ओलं फडकं सारखं करत म्हणाली, शाळेत पोरं हसायची, बाई रागावायच्या, म्हणून सुनेनं घरातसुद्धा ‘शुद्ध’ बोलायचा नेम केला. ‘आता ती माझ्याशी बोलताना पन आदी इचार करते,’ मावशी म्हणाली. त्यात माझ्या दारचं ते पाण्याचं भांडं कितव्या नंबरावर होतं, ते मी विचारलं नाही. पोरीचा आजीशी बोलताना विचार करावा लागणं, ही काय साधी गोष्ट आहे का हो?

तेव्हा पुढच्या खेपेला पिशवी घेऊन जाल तेव्हा एवढं करून बघा. ‘वाटा केवढ्याला?’ असं विचारू नका. आगरीत विचारा. पहिल्यांदा त्या बायका एकमेकींकडे बघतील, मग हसतील, पण ते हसणं वेगळं असतं. भावात फार सवलत मिळेल अशी आशा धरू नका, मला तरी मिळालेली नाही. एक-दोन मांदेल्या जास्तीच्या मिळतात. शिवाय त्या विचारतात, ‘तू कोनच्या गावची?’ आणि बसायला पाट सरकवतात.

मी पहिल्यांदा हे केलं ते आमच्याच दारात. नात आता कॉलेजात जाते. त्या दिवशी आजीचा गुडघा दुखत होता म्हणून टोपली तिनं आणली होती. मी घरात चार वेळा घोकून दारात आले, पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, ‘कोलंबी कवराला गो?’

पोरगी तोंडावर ओढणी धरून हसली. पोटभर हसली. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘कवराला नाय काकी. कव-ऱ्या-ला. बोल परत.’